पहिल्या पगारापर्यंतचा हिशेब

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीत शिरल्यावर, तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी हे गाव लागते. टोलनाक्यामुळे वाहनचालकांना ते नावाने ठाऊक असते, आणि आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून आई भवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांची रीघ याच रस्त्याने पुढे जाते. या पट्ट्यातील शेती बहुतांशी पावसावरची असून खरिपात सोयाबीन, रब्बीत ज्वारी-हरभरा आणि पाण्याची सोय असलेल्यांकडे ऊस किंवा द्राक्षे, असे पिकांचे साधारण चित्र आहे. अशा गावातील विज्ञान शाखेच्या मुलामुलींच्या तोंडी ‘पायलट’ हा शब्द येतो, तेव्हा त्यामागे निव्वळ स्वप्नाळूपणा नसतो. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या मार्गात अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली गेली, 9 जून 2025 रोजी तेथून गोव्याची नियमित विमानसेवा सुरू झाली, आणि त्याच वर्षी मुंबईचीही झाली. त्यामुळे जिल्ह्याच्या सीमेवरच्या या गावांना विमान ही आता केवळ बातमीत वाचायची गोष्ट राहिलेली नाही.

देशपातळीवरचे आकडेही या मुलांच्या बाजूने बोलताना दिसतात. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये 500 विमानांची मागणी नोंदवली, तर कोविडच्या 2020 या वर्षी जेथे 578 व्यावसायिक वैमानिक परवाने दिले गेले होते, तेथे 2023 मध्ये ते 1622 झाले. अडते ते पैशापाशी. भारतात या प्रशिक्षणाचे शुल्क अलीकडच्या काळात साधारण 45 ते 60 लाख रुपयांच्या दरम्यान गेले आहे. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता. त्या भावाने 50 लाख उभे करायला सुमारे 938 क्विंटल सोयाबीन लागते, आणि एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर ते 117 एकरांचे एका हंगामाचे संपूर्ण उत्पन्न होते, तेही बियाणे, फवारणी, मजुरी वजा न करता आणि सप्टेंबर 2025 सारखी अतिवृष्टी न येता. म्हणूनच ‘परदेशात शिकलात तर दहा-पंधरा लाख वाचतील’ हे वाक्य अशा घरांत फार गांभीर्याने ऐकले जाते, आणि ते कितपत खरे आहे हे तितक्याच गांभीर्याने तपासणे भाग आहे.

दोनशे तासांची फोड

व्यावसायिक वैमानिक परवाना, ज्याला विद्यार्थी ‘सीपीएल’ म्हणतात, तो भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. त्यासाठी वय किमान 18 वर्षे, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, प्रथम वर्गाची वैद्यकीय पात्रता, लेखी परीक्षा आणि किमान 200 तासांचे उड्डाण या मुख्य अटी आहेत. या 200 तासांपैकी किमान 100 तास उमेदवाराने मुख्य वैमानिक या नात्याने, म्हणजे विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन, केलेले असावे लागतात. त्यांत एक उड्डाण किमान 300 सागरी मैलांचे, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरांहून थोडे अधिक, आणि वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून पुढे जाणारे असते. शिवाय रात्रीचे उड्डाण आणि बाहेरचे काही न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण यांचे तास वेगळे मोजले जातात. नियम तासांत बोलतो, आणि त्यामुळे खर्चही तासांत मोजण्याची सवय लागते, ही या विषयातील मूळ गफलत आहे.

एका उड्डाणतासाच्या किमतीत विमानाचे भाडे, इंधन, प्रशिक्षकाचे मानधन आणि विमानतळाचे शुल्क हे घटक येतात व ते माहितीपत्रकात छापलेलेही असतात. मात्र दोन उड्डाणांच्या मधले दिवस कुठेच छापलेले नसतात, आणि त्या दिवसांत वसतिगृहाचे भाडे, खानावळ व कर्जाचे व्याज थांबत नाही. पन्नास लाखांच्या कर्जावर वार्षिक 11 टक्के व्याज धरले, तर प्रशिक्षण एक वर्ष लांबण्याची किंमत एकट्या व्याजात साडेपाच लाख रुपये होते. शिवाय फार दिवस विमान न चालवलेल्या विद्यार्थ्याला हात बसवण्यासाठी पुन्हा प्रशिक्षकासोबत उडावे लागते, म्हणजे उशीर स्वतःच नवे तास निर्माण करतो.

परदेशी तास कशामुळे वेगाने भरतो

अमेरिकेत लहान शिकाऊ विमान इंधनासह तासाला साधारण दीडशे ते दोनशे डॉलरना मिळते आणि प्रशिक्षकाचे मानधन निराळे द्यावे लागते. राहण्या-जेवणासह सगळा खर्च रुपयांत मांडला तर तो भारतातील शुल्काच्या आसपासच जाऊन पोहोचतो. दक्षिण आफ्रिकेतील खर्च त्याहून बराच कमी पडतो, न्यूझीलंडचा बहुधा जास्त. तरीही अमेरिकेकडे ओढा टिकून आहे, याचे कारण तेथील रचनेत आहे. त्या देशात सार्वजनिक वापराची सुमारे पाच हजार विमानतळे असून त्यांतील बहुसंख्य लहान आहेत, त्यामुळे शिकाऊ विमानाला मोठ्या प्रवासी विमानांच्या मागे ताटकळावे लागत नाही. विमाने व त्यांचे सुटे भाग तेथेच बनतात आणि वापरलेल्या विमानांचा मोठा बाजार आहे, म्हणून एक विमान दुरुस्तीला गेले तर दुसरे उभे असते.

त्याहून महत्त्वाचा आहे प्रशिक्षकांचा पुरवठा. अमेरिकेत 2013 पासून प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू होण्यासाठीही सर्वसाधारणपणे 1500 तासांचा अनुभव लागतो, आणि नुकताच परवाना मिळालेल्या तरुणाला तो अनुभव मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे इतरांना शिकवणे हा असतो. परिणामी त्या देशाच्या नोकरीच्या नियमानेच प्रशिक्षकांची फौज उभी केली आहे. भारतात असा नियम नाही, दोनशे तासांवर विमान कंपनीचे दार उघडते, म्हणून शिकवण्याकडे वळणारे थोडे आणि वळलेल्यांपैकी विमान कंपनीत निघून जाणारे पुष्कळ, अशी अवस्था राहते.

इंधनाची गोष्टही अशीच आहे. लहान पिस्टन इंजिनांची बहुतेक विमाने जेट विमानांच्या इंधनावर चालत नाहीत, त्यांना ‘अ‍ॅव्हगॅस’ नावाचे उच्च दर्जाचे पेट्रोल लागते, आणि भारत ते दीर्घकाळ आयात करत आला. इंडियन ऑइलने वडोदऱ्याजवळच्या आपल्या गुजरात शुद्धीकरण प्रकल्पात ते बनवून सप्टेंबर 2022 मध्ये बाजारात आणले. करांच्या बाबतीत सप्टेंबर 2024 मधील 54व्या जीएसटी परिषदेने डीजीसीएमान्य संस्थांचे मान्य उड्डाण अभ्यासक्रम करमुक्त असल्याचे स्पष्ट केले. ही दुसरी गोष्ट पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावी, कारण 18 टक्के कर लावून काढलेला जुना अंदाज आजही तुलनेसाठी पुढे केला गेला, तर परदेश आहे त्यापेक्षा स्वस्त भासतो.

धुळे, बारामती, गोंदिया, कलबुर्गी

महाराष्ट्राला या क्षेत्राची परंपरा जुनी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 मध्ये स्थापन झाला आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. मुंबईचे आकाश पुढे इतके गजबजले की जुहूच्या धावपट्टीवर नवशिक्यांना मोकळेपणाने फिरवणे अवघड झाले आणि या क्लबचे उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला गेले. आज शिरपूर, बारामती, जळगाव, गोंदियाजवळील बिरसी आणि नागपूर फ्लाइंग क्लबमुळे विदर्भ, असे या प्रशिक्षणाचे जाळे पसरले आहे. विमानतळ प्राधिकरणाने 2020 मध्ये नियम सैल करून 2021 मध्ये ज्या विमानतळांवर नव्या संस्थांना जागा दिली त्यांत जळगावसह बेळगाव आणि कलबुर्गी ही नावे होती. सोलापूर-तुळजापूर पट्ट्यातील विद्यार्थ्याला कलबुर्गी हे त्यातल्या त्यात जवळचे ठिकाण ठरते, आणि ही गोष्ट तामलवाडीत फारशी कुणाच्या हिशेबात नसते.

अशा कुठल्याही प्रशिक्षण केंद्राचा दिवस पहाटे सुरू होतो, कारण उन्हाळ्यात दहा-अकरानंतर तापलेली हवा विरळ होते, विरळ हवेत पंखांना मिळणारी उचल व इंजिनाची ताकद दोन्ही घटतात, आणि जमिनीवरून उठणाऱ्या झोतांमुळे लहान विमान इतके हलते की नवशिक्याला उंची धरून ठेवता येत नाही. म्हणून सकाळच्या तीन-चार तासांसाठी सगळ्यांची धडपड असते. फळ्यावर त्या दिवशीची नावे लागलेली असतात, ज्याचे नाव पहिल्या फेरीत आहे तो विमानाभोवती फिरून इंधन, तेल, पंखांच्या झडपा तपासतो, आणि ज्याचे नाव चौथ्या फेरीत आहे तो वाऱ्याकडे पाहत बसतो. पावसाळ्यात ढग खाली उतरले की दिवसचे दिवस कोरडे जातात, आणि हिवाळ्यातील स्वच्छ सकाळी सगळ्यांचाच अनुशेष एकदम पुढे येतो. एखाद्या तुकडीत विमानांच्या मानाने विद्यार्थी किती आहेत, यावर प्रशिक्षण वर्षात संपेल की दोन वर्षांत, हे बहुतांशी अवलंबून असते.

यात सुरक्षेचा प्रश्न मिसळला की प्रतीक्षा कोणाच्याच हातात राहत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात काही दिवसांच्या अंतराने दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाला, डीजीसीएने संबंधित संस्थेचे उड्डाण थांबवले, आणि ते योग्यच होते. पण आगाऊ शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यांना त्या काळात जमिनीवर बसून राहण्याखेरीज पर्याय नव्हता. संस्था निवडताना शुल्कापेक्षा विमानांची संख्या, प्रशिक्षकांची संख्या आणि मागील दोन वर्षांत प्रत्यक्ष किती विद्यार्थ्यांनी 200 तास पूर्ण केले, हे विचारणे म्हणूनच अधिक मोलाचे आहे. उत्तर लेखी मिळत नसेल तर तेही एक उत्तरच समजावे.

परतीची वाट

परदेशी परवान्यावर भारतात थेट नोकरी करता येत नाही. तो भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो, आणि विद्यार्थ्यांच्या बोलीत या टप्प्याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. परवाना देणाऱ्या देशाकडून त्याच्या खरेपणाची खातरजमा होते, भारतीय हवाई नियमांची आणि दिक्चालन व हवामानशास्त्र एकत्र असलेली, अशा लेखी परीक्षा द्याव्या लागतात, रेडिओ संभाषणाचा परवाना वेगळा काढावा लागतो आणि भारतात विमान चालवून कौशल्य चाचणी द्यावी लागते. विमान येथेही भाड्याने घ्यावे लागते, आणि ते चाचणीआधी सरावासाठीही लागते; त्यामुळे परदेशी ‘पॅकेज’मध्ये नसलेले काही लाख रुपये या टप्प्यावर उभे राहतात.

पैशाइतकाच वेळेचा फास येथे असतो. भारतीय नियमानुसार दोनशे तास हे अर्जापूर्वीच्या पाच वर्षांतले असावे लागतात, आणि मुख्य वैमानिक म्हणून केलेल्या उड्डाणांपैकी किमान 15 तास शेवटच्या सहा महिन्यांतले लागतात. परदेशातून परतल्यावर एखादी परीक्षा राहिली, कागदपत्रांच्या तपासणीला वेळ लागला आणि सहा महिने उलटून गेले, तर तासांचा काही भाग भारतीय दराने पुन्हा करावा लागतो, म्हणजे जी बचत करण्यासाठी समुद्र ओलांडला ती परतल्यावर येथेच खर्ची पडते.

दुसरी अडचण तासांच्या व्याख्येची आहे. अमेरिकेत व्यावसायिक परवान्यासाठी एका पद्धतीत 250 तास आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या पद्धतीत 190 तास लागतात. फिलिपिन्समध्ये 150 तासांवर परवाना मिळू शकतो. यातले कोणतेही गणित भारताच्या 200 तासांशी आपोआप जुळत नाही, त्यामुळे 190 किंवा 150 तासांवर संपणारे ‘पॅकेज’ स्वस्त दिसते, पण भारतासाठी अपुरे असते. लॉगबुक, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंदवही, परदेशात पहिल्या दिवसापासून डीजीसीएच्या रकान्यांनुसार भरली पाहिजे, कारण दीड वर्षानंतर मागे जाऊन ती दुरुस्त करता येत नाही, आणि तसा मोह झाल्यास तो गुन्हा ठरतो. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आल्यापासून कागदपत्रांची छाननी कडक झाली आहे, आणि ज्यांचे सर्व काही खरे आहे त्यांनाही त्या छाननीच्या रांगेत उभे राहावे लागते.

सातबारा आणि डॉलर

शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत कठीण भाग बँकेच्या टेबलावर येतो. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित नमुन्यात चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थाची हमी चालते, आणि त्यापुढे मालमत्ता गहाण ठेवावी लागते. तामलवाडीच्या घरांत मालमत्ता म्हणजे मुख्यतः शेतजमीन. परंतु थकीत कर्जासाठी न्यायालयात न जाता तारण जप्त करण्याचा जो अधिकार बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने दिला आहे, त्याच्या कलम 31 मध्ये शेतजमीन वगळली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ही तरतूद आवश्यक आहे यात वाद नाही, पण तिचा परिणाम असा की दहा एकरांचा सातबारा समोर ठेवूनही बँक सोलापुरातील सदनिकेची किंवा बिगरशेती भूखंडाची मागणी करते. ज्याच्याकडे ते नाही त्याच्यापुढे जमीन विकणे, नातेवाइकांचे घर तारण देणे किंवा जास्त व्याजाचे कर्ज उचलणे एवढेच मार्ग राहतात, आणि जमीन एकदा विकली की मुलाचे प्रशिक्षण रखडले तरी ती परत येत नाही.

त्यात कर्ज रुपयांत मंजूर होते आणि शुल्क डॉलरमध्ये भरायचे असते. 2021 मध्ये डॉलर 75 रुपयांच्या आसपास होता, 2025 मध्ये तो 85 च्या पुढे गेला. 40 हजार डॉलरचा खर्च पहिल्या दराने 30 लाख होतो आणि दुसऱ्या दराने 34 लाख. प्रशिक्षण सुरू असतानाच रुपया घसरला तर वरचे चार लाख मंजूर कर्जाच्या बाहेरून आणावे लागतात. परदेशी पैसे पाठवताना उगमस्थानी कापला जाणारा करही हिशेबात धरावा लागतो: आर्थिक वर्ष 2025-26 च्या नियमांनुसार शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून दहा लाखांपुढे पाठवलेल्या रकमेवर पाच टक्के कर घेतला जाई, म्हणजे 40 लाखांवर दीड लाख, मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो नव्हता. हा पैसा विवरणपत्र भरून परत मागता येतो, मात्र तोपर्यंत तो अडकलेला असतो, आणि ज्या घरात विवरणपत्र भरण्याची सवयच नाही तेथे तो तसाच राहून जाण्याचा धोका असतो.

सगळे शुल्क एकरकमी भरल्यास सवलत, असा प्रस्ताव सल्लागार देतात, तो स्वीकारू नये. संस्था बंद पडली तर परदेशात दावा लावण्याची ऐपत तामलवाडीच्या कुटुंबात नसते. तासांप्रमाणे हप्त्यांनी भरलेले शुल्क दोन-तीन टक्क्यांनी महाग पडले तरी तेच खरे स्वस्त.

निघण्याआधीची कामे

परदेशात खऱ्या अर्थाने बचत करणारे विद्यार्थी बहुतेक काम निघण्याआधी भारतातच उरकतात. पहिले काम वैद्यकीय तपासणीचे: आधी द्वितीय वर्गाची, मग प्रथम वर्गाची. रंगांधत्वासारखा दोष खेड्यातील मुलाला अठराव्या वर्षापर्यंत ठाऊकही नसतो, आणि तो शुल्क भरल्यावर कळणे यासारखे दुर्दैव नाही. ज्यांनी बारावी वाणिज्य किंवा कला शाखेतून केली आहे त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत भौतिकशास्त्र व गणित हे विषय उत्तीर्ण होता येतात. त्यानंतर डीजीसीएकडून संगणक क्रमांक घेऊन हवाई नियम, दिक्चालन, हवामानशास्त्र आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या परीक्षा द्याव्यात. प्रत्येकात 70 टक्के गुण लागतात आणि त्यांची तयारी पुण्यात किंवा घरी राहूनही होते. हे विषय आधी पक्के झालेला विद्यार्थी परदेशात डॉलर मोजून वर्गात बसत नाही, थेट विमानात बसतो, आणि परतल्यावर त्याला परीक्षेच्या पुढील सत्राची वाट पाहावी लागत नाही. भारतीय वायुयान अधिनियम 2024 हा 1 जानेवारी 2025 पासून अमलात आल्यावर रेडिओ परवान्याची परीक्षाही दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे आली आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना भीती वाटते ती इंग्रजीची. आंतरराष्ट्रीय नियमाने वैमानिकाला इंग्रजी भाषेची किमान चौथी पातळी लागते, परंतु आकाशातील संभाषण ठरावीक वाक्यांचे असते, त्यात वाङ्मयीन इंग्रजीला जागा नसते, आणि सहा महिन्यांच्या रोजच्या श्रवणाने व सरावाने ते आत्मसात होते. परकी उच्चार ऐकून गोंधळलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या एकट्या उड्डाणाची परवानगी उशिरा मिळते व तेवढे तास वाढतात, म्हणून हा सरावही पैशाचाच प्रश्न आहे.

परवाना हाती आल्यावरही पगार सुरू होत नाही. एटीआर किंवा एअरबस 320 यांसारख्या विशिष्ट विमानासाठी ‘टाइप रेटिंग’ नावाचे आणखी एक प्रशिक्षण लागते, ज्याचा बराच भाग सिम्युलेटरवर होतो आणि ज्याचा खर्च पुन्हा दहा-वीस लाखांच्या घरात जातो. नोकरी निश्चित नसताना कर्ज काढून ते करणे हा शेतकरी कुटुंबाने घेऊ नये असा धोका आहे. किंगफिशर 2012 मध्ये, जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये जमिनीवर आली, तेव्हा हजारो तासांचे अनुभवी वैमानिक नोकरीच्या रांगेत आले, आणि नव्या परवानाधारकांची प्रतीक्षा लांबली.

सरकारी पैसा कुठे थांबतो

नागपूरच्या महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेने, म्हणजे महाज्योतीने, इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांतील 20 उमेदवारांना नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये मोफत वैमानिक प्रशिक्षण देण्याची योजना राबवली. संख्या लहान असली तरी उड्डाण प्रशिक्षण हे सार्वजनिक पैशाने देण्याजोगे शिक्षण आहे हे तिने मान्य केले. राज्याची परदेशी शिक्षणाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मात्र पदव्युत्तर व पीएच.डी.साठी आहे, आणि परवान्याचे प्रशिक्षण पदवीत मोडत नसल्याने ते तिच्या बाहेर राहते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने 2024 मध्ये जाहीर केलेली, 34 शिकाऊ विमानांची व वर्षाला 180 वैमानिक घडवण्याच्या क्षमतेची शाळा पूर्ण वेगाने चालू लागेल, तेव्हा मराठवाड्यातील विद्यार्थ्याला परदेशाइतक्या वेगाने तास भरण्याची सोय राज्यातच होऊ शकेल. तरी तेथेही शुल्क लागणार, त्यासाठी तारण लागणार, आणि तामलवाडीच्या सातबाऱ्याला बँकेत किंमत नसणारच. राज्य सरकारने साडेसात लाखांवरील उड्डाण-कर्जाला, वैद्यकीय व लेखी परीक्षा आधी उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांपुरती, स्वतःची हमी द्यावी. या दोन अटी पार केलेले उमेदवार फार नसतील, आणि त्यांच्यापैकी कोण धुळ्याला, कोण कलबुर्गीला आणि कोण जोहान्सबर्गला जाईल हे मग जमिनीच्या भावावरून ठरणार नाही.